तिसरा दोर

मी, खाली सही करणारी बाई, वय वर्षे त्र्याहत्तर, पेशा मुद्रितशोधन, सध्या निवृत्त, असे लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरणशक्ती हवी त्यापेक्षा जास्तच शाबूत आहे, चष्म्याचा नंबर मागच्या महिन्यात तपासून घेतला आहे, आणि हा मजकूर मी कोणाच्या धाकाने, सांगण्यावरून किंवा लाडीगोडीला भुलून लिहीत नाही. माझे पूर्ण नाव आणि पत्ता पाकिटावर आहे. आत पुन्हा लिहून जागा अडवत नाही. तीन ठिकाणी खाडाखोड झाली आहे, तिथे समासात सही केली आहे.

सहा वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करते. ते एका ओळीचे होते: माझे जे काही आहे ते माझ्या धाकट्या भावाचे. वकील म्हणाले, "रद्द करा, पण कारण लिहू नका. कारण लिहिलं की भांडणं होतात." मी अडतीस वर्षे रेल्वेची वेळापत्रके, टेलिफोनच्या याद्या आणि औषधांच्या पुड्यांवरचा मजकूर तपासला. गाळलेल्या ओळीने किती घोटाळा होतो हे मला वकिलांपेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणून कारण लिहिणार आहे.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या भाचीने करावी. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे. ती माझ्या भावाचीच मुलगी आहे, आणि हे प्रकरण झाल्यावर तिने ना बापाची बाजू घेतली ना माझी. दोघांनाही भेटत राहिली आणि एकाचे दुसऱ्याला सांगितले नाही. एवढे पुरेसे आहे.

२. तिसऱ्या मजल्यावरचे हे दोन खोल्यांचे घर भाचीला. स्वयंपाकघरातला नळ उलटा फिरतो, पाहुण्यांना आधी सांगावे. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँडवाला राहतो. त्याने बावीस वर्षे आमच्या पायाखाली कर्णा वाजवला आणि तरी दर रविवारी आमच्या नाण्यांच्या खळखळाटाची तक्रार लिहून जिन्यात चिकटवली. त्या चिठ्ठ्यांतल्या शुद्धलेखनाच्या चुका मी लाल शाईने दुरुस्त करून परत लावत असे. त्याला माझे हिरवे बनाती कापड द्यावे, ज्यावर मी नाणी ओतत असे. आता त्याला शांतता मिळेल.

३. माझी हत्यारे: दहापट मोठे दाखवणारे भिंग, मान वळणारा टेबलदिवा, खाचांचा लाकडी ट्रे, बोटांवर चढवायची रबरी टोपणे. शिवाय दोन वह्या भरून सापडलेली नाणी: जुन्या चांदीची सात, सरकून छापलेली अकरा, आणि एक असे की ज्याला दुसरी बाजूच नाही. हे सगळे बँकेतल्या खिडकीवालीला. ती आता निवृत्त होऊन बहिणीकडे राहते, पत्ता माझ्या डायरीत 'ख'मध्ये आहे.

खिडकीवालीशिवाय माझा छंद चालला नसता. बँकेत सुट्टी नाणी कागदात घट्ट गुंडाळून येतात, एका रोलमध्ये पन्नास. मी दर शुक्रवारी असे दहा रोल विकत घेत असे, रविवारी एकेक नाणे उलटसुलट बघत असे, आणि सोमवारी ती सगळी दुसऱ्या शाखेत भरत असे. त्याच शाखेत भरली तर तीच फिरून आपल्या गळ्यात पडतात. खिडकीवाली माझ्यासाठी रोल निवडून ठेवायची. म्हणायची, "ताई, आजचे सहा कडेवरून जुने दिसतायत, तुमचं नशीब उघडतंय बघा." नाण्यांच्या नादी लागलेले लोक पैशासाठी लागतात असे तिला वाटे. मी कधी सांगितले नाही. मला एकच नाणे हवे होते.

४. ते नाणे. ते माझ्या कपाटात आहे, वरच्या कप्प्यात, चष्म्याच्या जुन्या घरात. ते कोणाला द्यायचे हे या कलमाच्या शेवटी सांगते. आधी ते काय आहे ते सांगते.

माझे वडील टांकसाळीत साचेकाम करत. यंत्रावर निघालेल्या साच्यावरच्या बारीक रेषा हाताने कोरून उठवायच्या, हे त्यांचे काम. आमच्या लहानपणी पाचाच्या नाण्यावर एक शिडाची होडी होती. डोलकाठीच्या टोकापासून नाळेकडे, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडे, तीन दोर, केसाएवढे, आणि प्रत्येक दोराच्या वरच्या टोकाला एक गाठ. ते तीन दोर वडिलांच्या हातचे. रस्त्यात कोणी पाचाचे नाणे मोजून दिले की ते मला म्हणत, "माझी होडी आली बघ."

मी बारा वर्षांची आणि धाकटा पाच वर्षांचा असताना एका साच्यातून दोनच दोरांची नाणी निघाली. लक्षात येईपर्यंत दोन पोती बँकेत गेली होती. उरलेली वितळवली, साचा नियमाप्रमाणे फोडला. चौकशी झाली. तपासनीस म्हणाले, कारागिराने तिसरा दोर कोरलाच नाही. वडील म्हणाले, "मी कोरला होता. साचा झिलईला गेला तिथे घासून गेला." झिलईवर तपासनिसांचा सख्खा भाचा होता. निकाल काय लागणार हे सांगायला नको. वडिलांची नोकरी गेली. त्यानंतर ते मंडईच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवून देत. मरेपर्यंत तेच केले.

ते गेले तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. शेवटच्या आठवड्यात माझा हात धरून म्हणाले, "साचा माझ्या हातून बरोबर गेला होता. तू तरी विश्वास ठेव." मी ठेवला. नुसता ठेवून गप्प बसले नाही. झिलईने रेष पुसली गेली असेल तर खूण राहते: दोराची गाठ खोल असते, ती अर्धवट तरी शिल्लक राहते, आणि आजूबाजूला घासल्याचे बारीक चरे उमटतात. कोरलेच नसेल तर तिथे काहीच नसते. हे मला टांकसाळीतल्याच एका म्हाताऱ्या कारागिराने समजावून सांगितले होते. म्हणजे त्या दोन पोत्यांतले एक नाणे हाती आले की वडील खरे ठरणार होते. एक नाणे, फक्त एक.

पुढची शेहेचाळीस वर्षे मी ते शोधत होते. विसाव्या वर्षी धाकटा पोस्टात लागला तोवर त्याच्याकडूनही मी हे सगळे पाठ करून घेतले होते, आणि नोकरी सुरू झाल्यापासून तो दर रविवारी अकरा वाजता माझ्या टेबलाशी येऊन बसू लागला. पत्रांची वर्गवारी करणाऱ्याचे डोळे ते, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने चालत. पाच रोल त्याचे, पाच माझे. काही सापडले की तलम कागदाच्या पुडीत घालायचे, वर तारीख, शाखा आणि रोलचा क्रमांक लिहायचा. ही शिस्त मीच लावली.

या पायी मी काय काय सोडले त्याची यादी देत नाही. एक सांगते. छापखान्यात एक खिळेजुळारी होता. शिशाचे खिळे जुळवता जुळवता त्याने एकदा माझ्यासाठी सबंध एक ओळ जुळवली आणि प्रूफ म्हणून माझ्या टेबलावर ठेवली: 'दुसऱ्या शहरात नोकरी मिळते आहे, बरोबर येशील का?' मी समासात लिहिले, 'शेवटचे प्रश्नचिन्ह काढावे, उत्तर नाही असे आहे.' ती पोती याच शहरातल्या बँकांत गेली होती. इथून हलले तर शोधणार कुठे? मी चौतीस वर्षांची होते. तो गेला. मला वाईट वाटले, पण पश्चात्ताप झाला नाही. आता होतो.

दुसरी गोष्ट जास्त वाईट आहे, आणि ती मी केलेली आहे.

तपासनिसांची मुलगी आमच्याच रस्त्यावर वह्या-कागदांचे दुकान चालवते. इथून पुढे त्यांना वहीवाल्या बाई म्हणते. चाळीस वर्षे मी त्यांचे दुकान आले की रस्ता ओलांडून पलीकडून चालले. पेन्सिल हवी असली तरी दोन थांबे लांब जाऊन आणली. अकरा वर्षांपूर्वी कळले की पलीकडच्या शाळेला वह्या पुरवण्याचे काम बरीच वर्षे त्यांच्याकडे आहे आणि ते पुन्हा त्यांनाच मिळणार आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी शाळेच्या मंडळाला निनावी पत्र लिहिले: ज्या घराने स्वतःच्या माणसाला वाचवण्यासाठी एका निरपराध कारागिराचा बळी दिला, त्या घराशी मुलांच्या शाळेने व्यवहार ठेवावा का, आणि त्या घरच्या मालाची तरी खात्री काय. पान-दीड पान. ते काम वहीवाल्या बाईंच्या हातून गेले. त्या वर्षाअखेर त्यांना दुकानाची अर्धी जागा एका चपलावाल्याला भाड्याने द्यावी लागली. मी ते बघितले आणि घरी येऊन जेवले. चांगले जेवले.

ते पत्र पेटीत टाकायला मी धाकट्याकडे दिले होते. पाकीट बंद करण्याआधी त्याने वाचले. म्हणाला, "ताई, हे पाठवायलाच हवं का?" मी म्हटले, "हो." त्याने ते खिशात घातले आणि गेला.

आता मागच्या वर्षीची गोष्ट. धाकटा जिन्यावरून पडला, खुब्याचे हाड मोडले. रुग्णालयात विम्याचे कागद मागितले. भावजय त्याच्या उशाशी, भाची कामावर, म्हणून किल्ली माझ्याकडे दिली. "कपाटात दुसरा खण, निळी फाइल," तो स्वतःच म्हणाला. वेदनेत होता, भान नव्हते. निळी फाइल काढली, तिच्याखाली तलम कागदाची पुडी होती. वर त्याच्या सुबक पोस्टी अक्षरात तारीख, शाखा, रोल क्रमांक चार.

तारीख एकोणीस वर्षांपूर्वीची होती. रविवार.

पुडी उघडली. होडी. दोन दोर.

भिंग माझ्या पर्समध्ये कायम असते. खिडकीशी गेले. डोलकाठीचे टोक बघितले. तिसऱ्या दोराची गाठ नव्हती. अर्धवट नव्हती, पुसट नव्हती, नव्हतीच. चरे नव्हते. उरलेले दोन दोर इतके स्वच्छ आणि धारदार होते की त्या साच्यावर झिलईचा हात फिरलाच नसावा. शेजारची जागा नुसती गुळगुळीत, कोणी कधी न शिवलेली.

मी विम्याचे कागद रुग्णालयात नेऊन दिले. त्याच्याशी काही बोलले नाही; माणूस शस्त्रक्रियेला चालला होता. नाणे भाचीला दिले आणि म्हटले, "तुझ्या सूक्ष्मदर्शकाखाली बघ. काय शोधायचं ते सांगत नाही. जे दिसेल ते लिही." तिने दुपारच्या सुट्टीत बघितले. चिठ्ठी पाठवली: 'डाव्या बाजूला दोन रेषा. शेजारी आणखी कुठल्याही रेषेचा मागमूस नाही. पृष्ठभागावर घासल्याच्या खुणा नाहीत.' ती चिठ्ठी या मृत्युपत्राला जोडली आहे.

म्हणजे वडिलांनी तिसरा दोर कोरलाच नव्हता.

त्या रात्री मला आईची आठवण झाली. वडील कोपऱ्यावरून संध्याकाळी घरी आले की उद्या द्यायच्या किल्ल्या आई हातात घेऊन एकेक चाचपायची आणि कानशीने दात नीट करायची. मी समजत होते की ती हौसेने मदत करते. वडील वर्तमानपत्र माझ्याकडून वाचून घेत, आणि मी समजत होते की त्यांना माझा आवाज आवडतो. त्यांचे डोळे टांकसाळीतच गेले असणार. आईला माहीत होते. वडील माझ्याशी खोटे बोलले, की आपण दोर कोरला असे त्यांना खरेच वाटत होते, हे विचारायला आता कोणी उरलेले नाही. पण मरतानासुद्धा त्यांनी मला कामाला लावले, एवढे खरे.

धाकटा घरी आल्यावर तीन आठवड्यांनी मी गेले. भावजय बाजारात गेली होती. तो स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून वाटाणे सोलत होता, शेजारी चालायची चौकट. मी पुडी टेबलावर ठेवली. त्याचे हात थांबले.

"कुठे मिळाली?" तो म्हणाला.

"तूच तारीख घातलीयस. सांग ना."

"ताई, बस आधी."

"मी उभी बरी आहे. त्या दिवशी मी कुठे होते?"

"इथेच. म्हणजे तुझ्याकडे. समोर. तू चहा टाकायला उठलीस, तेवढ्यात निघालं ते. मला वाटलं ओरडावं. मग भिंगातनं बघितलं."

"आणि?"

"आणि तू चहा घेऊन आलीस. म्हणालीस, 'काही आहे का रे?' मी नाही म्हटलं."

"का?"

"तुझा चेहरा मला बघवला नसता."

"माझा चेहरा माझा मी बघितला असता. तुला कोणी सांगितलं होतं बघायला?"

त्याने एक शेंग उचलली, परत ठेवली. मग म्हणाला, "वर्षभरात सांगीन म्हटलं. मग एक वर्ष गेलं, मग सांगायचं कसं तेच कळेना. तू एवढी वाट बघत असायचीस रविवारची."

"आणि एकोणीस वर्षं तू माझ्यासमोर बसून नाटक केलंस. एकेक नाणं उलटून बघायचं नाटक."

त्याने वाटाण्यांचे भांडे बाजूला सारले. मी म्हटले, "तेही जाऊ दे. ते शाळेचं पत्र. तेव्हा तुला ठाऊक होतं. तपासनिसांनी काही केलं नव्हतं हे तुला ठाऊक होतं, आठ वर्षं. तरी नेऊन टाकलंस."

"तू हो म्हणालीस."

"गहाळ करायचं होतंस! पोस्टात होतास तू. एक पत्र गहाळ करता आलं नाही?"

"मी आयुष्यात एकही पत्र गहाळ केलं नाही, ताई," तो म्हणाला. अगदी दुखावल्यासारखे म्हणाला.

मी जिना उतरले. पुढचे आठ महिने त्याच्याशी बोलले नाही.

वहीवाल्या बाईंकडे जायला मात्र मला दोनच दिवस लागले. दुकानाच्या उरलेल्या अर्ध्या भागात त्या वह्यांना कव्हरे घालत होत्या. साठीच्या पुढच्या, बारीक, चष्मा कपाळावर. मी नाव सांगू लागले तशा म्हणाल्या, "ओळखते. तुम्ही पलीकडनं जाता ना."

मी नाणे काउंटरवर ठेवले, भिंग ठेवले, आणि सगळे सांगितले. पत्राचेही.

त्यांनी कात्री खाली ठेवली. "पत्र तुमचं होतं हे आम्हांला तेव्हाच कळलं. शाळेच्या कारकुनानं दाखवलं होतं. दीड पान, आणि एक वेलांटी चुकलेली नाही. या रस्त्यावर तसं लिहिणारं दुसरं आहे कोण?"

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? आम्हांला तरी खरं कुठे माहीत होतं?" त्या भिंग हातात घेऊन नुसतेच फिरवत राहिल्या. "टांकसाळीत सगळे म्हणायचे, भाच्याला वाचवलं. बाबांनी दोन वर्षांत नोकरी सोडली. घरात कोणी विचारलं नाही, पण आमच्या मनातही तेच होतं. आई शेवटपर्यंत त्या भाच्याला दारात उभं करत नव्हती. बाबा खाली मान घालून जेवायचे. मी एकदा, सोळा वर्षांची असताना, रागाच्या भरात त्यांना तोंडावर बोलले होते."

एक गिऱ्हाईक आले, त्याला त्यांनी दोन पेन्सिली आणि खोडरबर दिले, सुटे परत केले. मग नाणे भिंगाखाली धरून खूप वेळ बघितले.

मी म्हटले, "हे तुमचं आहे. घ्या."

त्यांनी ते माझ्याकडे सरकवले. "आत्ता नको. तुमच्याकडेच असू दे. रोज बघत जा. तुम्ही गेल्यावर पाठवून द्या."

त्या ओरडल्या असत्या तर सोपे गेले असते. तेव्हापासून मी रोज बघते. सकाळी, दात घासल्यावर.

तरी लिहून ठेवते: दोन दोरांचे पाचाचे नाणे, त्याची पुडी, भाचीची चिठ्ठी, आणि माझ्या सहीचे एक वेगळे पत्र, ज्यात टांकसाळीच्या त्या चौकशीत तपासनीस खरे बोलले होते एवढेच लिहिले आहे, हे सर्व माझ्या मृत्यूनंतर आठ दिवसांच्या आत वहीवाल्या बाईंच्या हातात द्यावे. पोस्टाने पाठवू नये. भाचीने स्वतः जावे. त्या हयात नसतील तर त्यांच्या मुलाकडे. हौशी लोक या नाण्याला मोठी किंमत देतात, ती त्यांनी घ्यावी की नाणे ठेवावे हे मी सांगणार नाही.

५. बँकेतली माझी सर्व शिल्लक. यातून आधी माझ्या अंत्यविधीचा खर्च करावा. तो साधा असावा, भाषणे नकोत, आणि बातमी छापायची झाली तर प्रूफ दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घ्यावे. उरलेल्या रकमेतून दरवर्षी त्या शाळेतल्या मुलांसाठी वह्या घ्याव्यात, वहीवाल्या बाईंच्याच दुकानातून, पूर्ण किमतीला, घासाघीस न करता, पैसे संपेपर्यंत. मी त्यांना रोख द्यायचे म्हटले तेव्हा त्या म्हणाल्या, "भीक नको, धंदा द्या." म्हणून असे.

शाळेच्या मंडळाला माझ्या नावानिशी दुसरे पत्र मी पाठवले आहे. स्वतः जाऊन पेटीत टाकले.

६. भिंतीवरचा वडिलांचा फोटो. तीन वेळा खाली काढला, तीन वेळा परत लावला. त्याचे काय करावे ते मला सुचत नाही. भाचीने ठरवावे. तिने त्यांना पाहिलेले नाही, तिला सोपे जाईल.

७. माझा धाकटा भाऊ. त्याला मी काहीही देत नाही. घर नाही, पैसे नाहीत, भिंग नाही. हे नजरचुकीने राहिलेले नाही, विचार करून लिहिले आहे, आणि त्याने किंवा त्याच्या वतीने कोणी यावर दावा सांगू नये.

त्या आठ महिन्यांत तो दर रविवारी येत राहिला. खुबा बरा झाल्यावर आधी काठी घेऊन, मग काठीशिवाय. तिसरा मजला. अकरा वाजता बेल वाजायची, मी दार उघडत नसे, तो पाच मिनिटे थांबून उतरायचा. त्याच्या पायाचा आवाज मी पहिल्या मजल्यापर्यंत ऐकायचे.

गेल्या महिन्यात मी दार उघडले. आत घेतले, बसवले, आणि हे मृत्युपत्र त्याला पहिल्यापासून वाचून दाखवले, वरच्या परिच्छेदापर्यंत. पाठीमागे लिहून ठेवणे मला पटत नाही. आमच्या घरात ते पुष्कळ झाले. वाचून झाल्यावर तो म्हणाला, "बरोबर आहे. फक्त एक वाक्य चुकलंय."

"कुठलं?"

"नाटक. मी नाटक करत नव्हतो."

"मग काय करत होतास एकोणीस वर्षं?"

"शोधत होतो. दुसरं शोधत होतो. वाटायचं, त्याच साच्यातलं आणखी एखादं निघेल, आधीचं, ज्यात दोर अर्धा पुसलेला असेल. मग हे पहिलं नाणंच खोटं पाडता येईल. मग तुला दोन्ही एकदम दाखवली असती." तो टेबलाकडे बघत होता. "मी तुझ्यापेक्षा जास्त बारकाईनं बघत होतो, ताई. तुला शोधायचं होतं. मला ते सापडायलाच हवं होतं."

मी मुद्रितशोधक आहे. लेखकाने हरकत घेतली की ती समासात नोंदवायची, हा नियम. त्याची हरकत मी इथे नोंदवली आहे. माझे वाक्य खोडलेले नाही. तो खरे बोलतो आहे की नाही हे मला ठरवता येत नाही. एके काळी त्याचा चेहरा बघून मला ते चटकन कळत असे, किंवा कळते असे मला वाटत असे.

त्यानंतर तो पुन्हा रविवारी येऊ लागला आहे. नव्या खिडकीवाल्याकडून मी अजून रोल आणते. हातांना दुसरे काही करता येत नाही. पाच त्याचे, पाच माझे. फार बोलणे होत नाही. तो आपले रोल नेहमीच्या वेगाने तपासतो आणि बघून झालेली नाणी उजवीकडे ढीग करून ठेवतो. माझे रोल संपले की मी तो ढीग माझ्याकडे ओढते आणि त्यातले प्रत्येक नाणे पुन्हा बघते. अडीचशे नाणी. त्याला दिसते. पहिल्या रविवारी तो उठून जाईल असे वाटले होते. गेला नाही. माझे बघून होईपर्यंत तो समोर बसून राहतो, आणि मग आम्ही ती पुन्हा कागदात गुंडाळतो.

याव्यतिरिक्त माझी काही मालमत्ता नाही आणि सांगण्यासारखे काही उरलेले नाही. वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोनदा वाचला, आणि साक्षीदारांच्या समोर प्रत्येक पानावर सही केली. साक्षीदारांनी माझ्या समोर आणि एकमेकांच्या समोर सही केली. त्या दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना आधीच सांगितले होते, तरी आले.

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक: चालू महिन्याची एकोणीस, मंगळवार, दुपारचे चार

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार पहिला: पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार दुसरी: छापखान्यातली माझी जुनी सहकारी, बांधणी विभाग. सही केली, आणि कलम चारमधला एक चुकलेला अनुस्वार दाखवला. दुरुस्त केला आहे.